इतक्या कंपन्या असून आई-वडिलांच्या आरोग्य विम्याचा हप्ता वाढतोच कसा? पोर्ट करावं का, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीत न्यावी का? (कोल्हापूर)

कसबा_बावडा_४१६

नमस्कार मंडळी. जाणकारांनी जरा मार्गदर्शन करावं.

आई-वडिलांची १० लाखांची फॅमिली फ्लोटर (दोघांना मिळून एकच विमा रक्कम) आहे. वडील नुकतेच ६१ चे झाले, आई ५६. मार्च २०१७ पासून एकाच खासगी कंपनीत सलग चालू आहे. आधी ५ लाखांची होती, मार्च २०२२ ला १० लाख केली. वडिलांना २०२० पासून बीपी, २०२३ पासून शुगर, दोन्ही गोळ्यांवर आटोक्यात. आजवर एकच क्लेम, आईच्या मोतीबिंदूचा. नूतनीकरण १८ मार्चला आहे.

गेल्या वर्षी जीएसटीसकट ४८,३८० रुपये भरले. यंदा जीएसटी माफ झालाय, तरी एजंट ५२,५०० सांगतोय. म्हणजे साडेआठ टक्के वाढ. कर गेल्यावर हप्ता उतरायला हवा होता ना?

दुसरं म्हणजे, चार सरकारी कंपन्या, सात फक्त आरोग्य विम्याच्या आणि वर बाकीच्या खासगी. एवढी स्पर्धा असताना दर खाली का येत नाहीत?

एका नव्या खासगी कंपनीचं कोटेशन ३८,००० चं आलंय, तेवढ्याच कव्हरला. शिवाय आमच्या बँकेत खातेदारांसाठी ग्रुप पॉलिसी आहे, ती तर २१,००० मध्येच. कुठं जावं?

हिशेब_राजारामपुरी

दादा, आधी तुमची टक्केवारी दुरुस्त करू. ४८,३८० मध्ये १८ टक्के जीएसटी होता. तो काढला की मूळ हप्ता ४१,०००. यंदाचे ५२,५०० हा पूर्ण मूळ हप्ताच आहे, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आणि फॅमिली फ्लोटर पॉलिसीवर जीएसटी नाही. म्हणजे वाढ ११,५०० ची, २८ टक्के. कर गेला म्हणून ती डोळ्यांत भरली नाही एवढंच. यंदा नूतनीकरण असलेल्या प्रत्येकानं गेल्या वर्षीच्या आकड्याला १.१८ नं भागून मगच तुलना करावी.

या २८ टक्क्यांत तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, वयाचा गट. बहुतेक दरपत्रकं पाच-पाच वर्षांच्या गटांची असतात आणि फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावरून लागतो. वडील ५६-६० मधून ६१-६५ मध्ये गेले, तिथं उडी येतेच. दोन, कंपनीनं दरपत्रकच बदललं असेल तर ती वाढ. तीन, जीएसटी माफ झाल्यावर कंपनीला एजंटचं कमिशन, भाडं, सॉफ्टवेअर यावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, तो भार काही कंपन्या मूळ दरात घालतात.

हे वेगळं करून मागणं का गरजेचं, तर ३० जानेवारी २०२५ ला आयआरडीएआयनं (विमा नियामकानं) सांगितलंय की ६० आणि त्यावरच्या वयाच्या लोकांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीनं आधी आयआरडीएआयशी सल्लामसलत करावी. कंपनीला ईमेल करा आणि दोनच आकडे मागा: जुन्या दरपत्रकानुसार ६१-६५ गटाचा हप्ता किती होता, आणि नव्यानुसार किती. समजा जुन्या पत्रकात तो ४७,००० होता. मग ६,००० वयाचे आणि ५,५०० दरवाढीचे. ४७,००० वर ५,५०० म्हणजे ११.७ टक्के. असा आकडा निघाला तर तक्रारीला आधार आहे. जुनं दरपत्रक गेल्या वर्षीच्या प्रॉस्पेक्टसमध्ये असतं. कंपनीच्या साइटवरून ते काढून टाकलं असेल तर एजंटकडं पीडीएफ मागा.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं, मग विमा भरोसा पोर्टलवर. तिथंही समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. कोल्हापूरसाठी पुण्याचं कार्यालय. पॉलिसीपोटी भरायच्या हप्त्याचा वादही लोकपालांकडं नेता येतो, फक्त क्लेमचाच नाही. फी नाही, वकील लागत नाही.

दर_आणि_दावे

स्पर्धेबद्दल लिहितो, कारण हा प्रश्न फार लोकांना पडतो आणि उत्तर नीट मिळत नाही.

स्पर्धा आहे, अगदी जोरात आहे. पण ती तिशीतल्या निरोगी गिऱ्हाईकासाठी आहे. तो माणूस उद्या कुठंही जाऊ शकतो, म्हणून त्याला दर कमी, बोनस जास्त, जिमचं सदस्यत्व वगैरे. तुमच्या वडिलांना बीपी-शुगर झाल्या दिवशी त्यांच्यापुरत्या तीसेक कंपन्यांच्या दोन-तीनच उरल्या. पोर्टेबिलिटी १ ऑक्टोबर २०११ पासून आहे, पण पोर्ट म्हणजे मोबाईल नंबर बदलण्यासारखं नाही. नवी कंपनी पुन्हा तब्येत तपासते आणि नाही म्हणू शकते. जुन्या कंपनीला हे पक्कं ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट जुन्या प्रॉडक्टची. १ जून २०२२ पासून आरोग्य विम्यात कंपन्यांना आधी मंजुरी न घेता नवीन प्रॉडक्ट बाजारात आणता येतं. त्यामुळं दर वर्षा-दोन वर्षांनी नवं नाव येतं, एजंट तेच विकतात, आणि जुन्या प्रॉडक्टमध्ये नवे तरुण लोक येणं थांबतं. उरलेल्यांचं वय वाढतं, क्लेम वाढतात, म्हणून दर वाढतो. दर वाढला की जे धडधाकट आहेत ते निघून जातात. उरलेले आणखी आजारी, पुन्हा दरवाढ. २०१७ ची तुमची पॉलिसी याच फेऱ्यात सापडली असण्याची शक्यता बरीच आहे. एजंटला सरळ विचारा, हे प्रॉडक्ट आज नव्या गिऱ्हाईकाला विकता का? नाही म्हणाला तर त्याच कंपनीच्या चालू प्रॉडक्टमध्ये मायग्रेशन मागा. कंपनीतल्या कंपनीत बदलताना तुमचा सगळा इतिहास त्यांच्याकडंच असतो, आणि पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ (जुन्या आजारांचा क्लेम मिळायला थांबावं लागतं तो) जुन्या विमा रकमेपुरता धरावाच लागतो. बाहेर पोर्ट करायच्या आधी हे दार ठोठवा. एजंट सहसा स्वतःहून सांगत नाहीत.

तिसरं, खर्च. फक्त आरोग्य विमा करणाऱ्या कंपन्यांना व्यवस्थापन खर्चाची मर्यादा हप्त्याच्या ३५ टक्के आहे, इतर जनरल कंपन्यांना ३० टक्के. शंभर रुपयांतले एवढे कमिशन, जाहिरात, पगार यात जाऊ शकतात. गिऱ्हाईक मिळवण्याची चढाओढ कमिशनवर चालली की ती दरात उतरत नाही, उलट दरात चढते.

निव्वळ किमतीची तुलना करायची असेल तर आरोग्य संजीवनी बघा. १ एप्रिल २०२० पासून प्रत्येक कंपनीला ही विकावी लागते. अटी सगळीकडं सारख्याच: ५ टक्के को-पे (क्लेमचा तेवढा वाटा आपण भरायचा), खोलीभाडं विमा रकमेच्या २ टक्के पण दिवसाला जास्तीत जास्त ५,०००, आयसीयूला ५ टक्के पण १०,००० पर्यंत. दर मात्र ज्यानं त्यानं ठरवायचा. एकाच वयाला, एकाच रकमेला चार कंपन्यांचे दर काढा. जो फरक दिसेल तो सगळा कंपनीचा, अटींचा नाही. तुमच्या वयोगटाला कोण बोलावतंय आणि कोण दर वाढवून लांब ठेवतंय, हे पाच मिनिटांत कळतं.

उद्यमनगर_५५

मी तर म्हणतो सरकारी कंपनीच घ्या. त्यांचा क्लेम रेशो शंभर टक्क्यांच्या वर असतो, फक्त आरोग्य विम्यावाल्यांचा पासष्टच्या आसपास. म्हणजे सरकारी कंपनी घेतलेल्यापेक्षा जास्त परत देते. आणखी काय बघायचं?

दर_आणि_दावे

@उद्यमनगर_५५, आकडे बरोबर, पण त्यावरून हा निष्कर्ष निघत नाही भाऊ. तो रेशो कंपनीच्या सगळ्या आरोग्य व्यवसायाचा मिळून असतो. सरकारी कंपन्यांकडं मोठमोठ्या संस्थांच्या ग्रुप पॉलिसी भरपूर, आणि त्या स्पर्धेत फार कमी दरानं घेतलेल्या असतात. तिथं शंभराचे एकशे दहा गेले तरी तुमच्या घरच्या क्लेमला कंपनी कशी वागते ते त्यातून कळत नाही. उलट शंभराच्या वर फार काळ राहिलं की कंपनीला दर वाढवावे लागतात.

त्यापेक्षा कंपनीच्या साइटवर पब्लिक डिस्क्लोजर्समध्ये जा. एनएल-३७ मध्ये किती क्लेम आले, किती दिले, किती फेटाळले ते असतं, आणि एनएल-४५ मध्ये तक्रारींचा तक्ता. मिळालेल्या क्लेमपैकी फेटाळलेले किती आणि क्लेमच्या तुलनेत तक्रारी किती, हे दोन भागाकार करा. तीन-चार तिमाह्यांचे बघा, एकाच तिमाहीवर जाऊ नका.

सरकारी कंपनीत जाण्यात चूक काहीच नाही. फक्त हा एक आकडा बघून जाऊ नका.

मिरज_बिलिंग_डेस्क

३८,००० च्या कोटेशनबद्दल. दवाखान्याच्या बिलावर जे रोज दिसतं त्यावरून सांगतो, स्वस्त पॉलिसी स्वस्त का आहे ते तीन ठिकाणी शोधा: खोलीभाडं, को-पे आणि झोन.

खोलीभाड्याची मर्यादा ५,००० आणि रुग्ण ८,००० च्या खोलीत पाच दिवस राहिला असं धरा. बिल असं: खोली ४०,०००. सर्जन, भूल, ओटी, व्हिजिट मिळून १,२०,०००. औषधं, इम्प्लांट, तपासण्या ९०,०००. एकूण अडीच लाख. लोकांना वाटतं खोलीतले १५,००० कटतील. तसं नाही. सर्जन, ओटी वगैरेचे १,२०,००० सुद्धा पाचास आठ या प्रमाणात कापले जातात, म्हणजे ७५,००० च मिळतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना हे प्रमाण लावता येत नाही, ते पूर्ण. हातात येतात २५,००० + ७५,००० + ९०,०००, म्हणजे १,९०,०००. खिशातून ६०,०००. यात ४५,००० केवळ खोली चुकल्यामुळं गेले.

दोन बारकावे. आयसीयूच्या खर्चाला ही प्रमाणात कपात लागत नाही. आणि ज्या दवाखान्यात खोलीप्रमाणं सर्जनची फी बदलत नाही, सगळ्यांना एकच दर, तिथंही लावता येत नाही. तसं असेल तर डिस्चार्जच्या आधी बिलिंगकडून लेटरहेडवर एक ओळ लिहून घ्या, नंतर ती मिळवायला फार फिरावं लागतं. राज्याच्या २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनुसार दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे, त्याचा फोटोही काढून ठेवा.

झोनचं कोल्हापूरकरांनी खास बघावं. बऱ्याच पॉलिसींत शहराप्रमाणं दर असतो. मुंबईचा सर्वांत महाग, कोल्हापूर-सांगली खालच्या झोनमध्ये. ते चांगलंच. पण खालच्या झोनचा हप्ता भरून वरच्या झोनमध्ये उपचार घेतले तर काही पॉलिसींत को-पे लागतो. कोल्हापूरचा माणूस मिरजेला आला तर सहसा अडचण येत नाही. कॅन्सरसाठी मुंबईला किंवा मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याला गेला की ही अट आडवी येते. पॉलिसी वर्डिंगमध्ये 'झोन' शब्द शोधून दोन्ही शहरं कशात आहेत ते वाचा.

आणि कंपनीच्या यादीत आपला नेहमीचा दवाखाना नसेल तरी कॅशलेस मागता येतं. जानेवारी २०२४ पासून 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' आहे. ठरवून भरती असेल तर ४८ तास आधी, तातडीची असेल तर भरतीनंतर ४८ तासांत कंपनीला कळवायचं. दवाखाना तयार हवा, हे मात्र खरं.

कसबा_बावडा_४१६

सगळ्यांचे मनापासून आभार. २८ टक्के बघून धक्का बसला. ३८,००० वालीचं वर्डिंग उघडून बघितलं. खोलीला सिंगल प्रायव्हेट एसी चालतं, झोनची अट नाही, पण ६१ किंवा त्यापुढच्या वयात प्रवेश करणाऱ्याला प्रत्येक क्लेमवर २० टक्के को-पे आहे. बँकेच्या ग्रुपचं कुणी सांगेल का?

शिरोली_एमआयडीसी

२० टक्के को-पे म्हणजे पाच लाखांच्या बायपासला एक लाख घरातून. ५२,५०० आणि ३८,००० मधला फरक १४,५००. एक मोठा क्लेम झाला की सात वर्षांची बचत गेली. सोडून द्या ते.

बँकेची ग्रुप पॉलिसी वाईट नसते, पण ती कुणाची आहे ते समजून घ्या. करार बँक आणि कंपनीत असतो, तुम्ही फक्त सभासद. ग्रुपचा दर गेल्या वर्षी त्या ग्रुपला किती क्लेम आले त्यावर ठरतो. पहिल्या वर्षी कमी दर लावून मिळवलेल्या ग्रुपला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मोठी वाढ येते, किंवा बँक कंपनीच बदलते आणि अटी बदलतात, किंवा योजना बंद करते. फौंड्रीच्या कामगारांच्या ग्रुपमध्ये मालकाला हे दरवर्षी दिसतं, खातेदाराला मार्चमध्ये एसएमएस येतो तेव्हाच कळतं. शिवाय ग्रुपवर १८ टक्के जीएसटी अजून आहे, तेव्हा २१,००० करासकट की कराशिवाय ते विचारा.

ही पॉलिसी जादा म्हणून ठेवली तर चालेल. २०१७ पासूनची स्वतःच्या नावाची पॉलिसी मोडून तिकडं अजिबात जाऊ नका. ६५ व्या वर्षी बँकेनं योजना गुंडाळली तर हातात काय राहणार?

हिशेब_राजारामपुरी

शिरोलीकरांशी पूर्ण सहमत. आता प्रत्यक्ष काय करायचं ते लिहितो.

पोर्टचा अर्ज नूतनीकरणाच्या ६० ते ४५ दिवस आधी द्यायचा असतो. १८ मार्चसाठी ही खिडकी १७ जानेवारी ते १ फेब्रुवारी. कंपनीची अधिकृत नोटीस बऱ्याचदा ही मुदत संपत आल्यावर येते, तिची वाट बघू नका. अर्जासोबत पोर्टेबिलिटी फॉर्म, प्रपोजल फॉर्म, २०१७ पासूनची सगळी पॉलिसी शेड्यूल, मोतीबिंदूच्या क्लेमचे कागद आणि वडिलांचे ताजे रिपोर्ट: एचबीए१सी, क्रिएटिनिन, लिपिड, ईसीजी. एचबीए१सी ८ च्या पुढं असेल तर बऱ्याच कंपन्या थेट नाही म्हणतात, तेव्हा आधी तो आटोक्यात आणा. जुन्या कंपनीनं ७२ तासांत माहिती द्यायची आणि ती मिळाल्यापासून नव्या कंपनीनं ५ दिवसांत निर्णय कळवायचा, असा २०२४ च्या मास्टर सर्क्युलरचा नियम आहे.

फॉर्ममध्ये बीपी आणि शुगर दोन्ही लिहायचंच, किती वर्षांपासून आणि कोणत्या गोळ्या ते सुद्धा. एजंट "नको, रिजेक्ट होईल" म्हणाला तर फॉर्म स्वतः भरा. तुमच्या बाबतीत मोरेटोरियमचंही बघायचं आहे: ६० महिने सलग झाल्यावर फसवणूक सोडून इतर कारणानं कंपनी माहिती लपवल्याचा मुद्दा काढू शकत नाही. पहिल्या ५ लाखांना ते कधीच पूर्ण झालेत. २०२२ ला वाढवलेल्या ५ लाखांना ते मार्च २०२७ ला होतील. पोर्ट केलं तरी हे महिने बरोबर येतात, पण जुन्या रकमेपुरतेच. नव्या कंपनीत १५ लाखांची घेतली तर वरच्या ५ लाखांचा प्रतीक्षा काळ नव्यानं सुरू.

हप्ता खरंच झेपत नसेल तर दुसरी वाट आहे: बेस ५ लाखांचा आणि वर ५ लाख डिडक्टिबलचा (म्हणजे पहिले ५ लाख सोडून त्यापुढचं देणारा) सुपर टॉप-अप. साधा टॉप-अप नको, 'सुपर' हवा. वर्षात ३ लाख आणि ४ लाखांच्या दोन भरती झाल्या तर साधा टॉप-अप काहीच देत नाही, कारण एकही बिल ५ लाखांच्या पुढं नाही. सुपर टॉप-अप दोन्हींची बेरीज धरतो आणि वरचे २ लाख देतो.

इथं लोक क्रम चुकवतात. आधी बेस कमी करतात, मग सुपर टॉप-अपचा अर्ज करतात, आणि बीपी-शुगरमुळं तो नाकारला जातो. बेस परत वाढवायला गेलं की नव्यानं तपासणी, नव्यानं प्रतीक्षा. म्हणून सुपर टॉप-अप आधी घ्या, पॉलिसी हातात येऊ द्या, त्याचा जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ संपेपर्यंत दोन्ही चालू ठेवा. तो जास्तीत जास्त ३६ महिने असतो, काही कंपन्या कमी ठेवतात. त्यानंतरच बेस उतरवा.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं ५ लाखांचं कव्हर आता राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना आहे. कार्ड काढून ठेवाच. सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) किंवा योजनेतल्या दवाखान्यात वेळेला ते मोठा आधार देतं. पण ठरलेल्या उपचारांना आणि ठरलेल्या दवाखान्यांतच चालतं, त्यामुळं त्याच्या भरवशावर पॉलिसी बंद करू नका. आयुष्मानचं वय वंदना कार्ड ७० पूर्ण झाल्यावर.

कसबा_बावडा_४१६

क्रम समजला: कंपनीला ईमेल, मग आतल्या आत मायग्रेशनची चौकशी, मग पोर्ट. एक शेवटचं. एकाच वेळी चार-पाच कंपन्यांकडं पोर्ट टाकलं तर चालेल का? आणि १८ मार्चपर्यंत उत्तर आलंच नाही तर?

दर_आणि_दावे

चार-पाच ठिकाणी टाकू नका. प्रत्येक प्रपोजल फॉर्ममध्ये "याआधी कुठल्या कंपनीनं विमा नाकारला किंवा जादा हप्ता लावला का" हा प्रश्न असतो. दोघांनी नाही म्हटलं की तिसऱ्याला खरं लिहावं लागतं आणि तोही बिचकतो. आधी एजंटकरवी किंवा स्वतः रिपोर्ट पाठवून तोंडी मत घ्या, त्याला प्री-अंडररायटिंग ओपिनियन म्हणतात, बऱ्याच कंपन्या देतात. जिथं होकार दिसेल तिथं एकच अर्ज. काही टक्के लोडिंग (आजारामुळं जादा हप्ता) लावून घेत असतील तर ते धरून तुलना करा. को-पेपेक्षा लोडिंग परवडतं, आकडा आधीच माहीत असतो.

उत्तर लांबलं तर जुन्या कंपनीकडं किमान एक महिन्याची मुदतवाढ तेवढ्याच दिवसांच्या हप्त्यावर लेखी मागता येते. तेही जमलं नाही तर १७ तारखेच्या आत ५२,५०० भरून मोकळं व्हा. ३० दिवसांचा ग्रेस असतो, त्यात पॉलिसीचं सातत्य टिकतं, पण वार्षिक हप्ता भरला नसेल तर त्या दिवसांतल्या भरतीचा क्लेम मिळत नाही. पोर्ट मग पुढच्या जानेवारीत करता येईल, तोवर वाढीव ५ लाखांचे ६० महिनेही संपत आलेले असतील.